फवारणी केव्हा थांबवावी : कृषी हवामान सल्ला पत्रिकेचा एका हंगामाचा अनुभव

भारतीय हवामान विभाग आणि कृषी विद्यापीठे यांच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेतून दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी सल्ला पत्रिका मी गेल्या भातपेरणीपासून यंदाच्या आंबा काढणीपर्यंत नियमित वाचली आणि शेतीची बहुतेक कामे तिच्या आधाराने लावली. कोकणातील पीकसल्ल्यामागे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशी असतात. २०१९ पासून हा सल्ला ‘मेघदूत’ या ॲपवरही वाचता येतो. आमची जमीन राजापूर तालुक्यात आहे : कातळावर हापूसची कलमे, उतारावर काजू, खाली भाताचा मळा आणि घरामागे सुपारी व थोडा भाजीपाला. पुढील अभिप्राय या जमिनीवरील अनुभवाचा आहे.

औषधांची नावे आणि प्रमाणे कोणत्याही छापील वेळापत्रकात सापडतात. या सल्ल्याचे खरे मोल पुढील पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा पाहून कोणते काम आता करू नये, हे सांगण्यात आहे, असे माझे मत झाले आहे.

भातासाठी त्याचा उपयोग लावणीनंतर अधिक जाणवला. तरवा, म्हणजे भाताची रोपे, तीन आठवड्यांची झाली की लावणीची घाई सगळ्यांनाच असते आणि ती योग्यही आहे, परंतु युरियाचा हप्ता देण्याची घाई मात्र नुकसान करते. मुसळधार पावसाचा इशारा असताना खत न टाकता खाचरातील जादा पाणी बांध फोडून काढून द्यावे आणि उघडीप मिळाल्यावरच हप्ता द्यावा, हा सल्ला पाळल्याने खत ओहोळात वाहून गेले नाही. कापणीच्या वेळी पाऊस रेंगाळला होता, तेव्हा कोरड्या दिवसांचा अंदाज पाहून गडी सांगता आले. वैभव या दातेरी विळ्याने जमिनीलगत कापणी करावी, म्हणजे धसकटात खोडकिडीच्या अळ्या कमी राहतात, ही सूचनाही त्याच वेळी वाचनात आली. त्यानंतर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर कुळीथ पेरला, त्याविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

आंब्याची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. नियमित मोहर यावा म्हणून कलमांना दिल्या जाणाऱ्या पॅक्लोब्युट्राझोल या वाढ रोखणाऱ्या औषधाचा काळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट हा आहे, आणि नेमका तोच आमच्याकडे धुवाधार पावसाचा काळ असतो. कलमाच्या विस्ताराचा पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर व्यास मोजून त्याची सरासरी काढायची, दर मीटरला ३ मिलिलिटर या प्रमाणात औषध पाण्यात मिसळायचे आणि बुंध्याभोवती विस्ताराच्या निम्म्या अंतरावर उथळ खड्डे घेऊन ते ओतायचे, ही पद्धत बहुतेक बागायतदारांना पाठ आहे. जमिनीत ओल असावी, पण औषध वाहून नेणारा पाऊस नसावा, अशी उघडीप शोधणे हीच त्यातील अवघड बाब आहे, आणि तिथे पाच दिवसांच्या अंदाजाने मोठा आधार दिला. हे औषध पूर्ण वाढलेल्या, निरोगी कलमांनाच द्यावे, हे पुन्हा सांगणे मला आवश्यक वाटते. रोगट किंवा उपाशी झाडावर मोहरासाठी असा ताण टाकणे मला मान्य नाही.

थंडी सुरू झाल्यावर मळभ आले की सगळ्या वाडीत पंप सुरू होतात. ढगाळ आणि दमट हवेत तुडतुडे ही कीड आणि भुरी व करपा हे बुरशीजन्य रोग वाढतात हे खरे आहे, परंतु पाऊस तोंडावर असताना मारलेले औषध धुऊन जाते आणि औषध, डिझेल व मजुरी यांचा खर्च वाया जातो. सल्ल्यात पावसाची शक्यता दिसली की मी थांबत असे आणि पाऊस ओसरल्यावर आधी मोहर झटकून, निरीक्षण करून मगच निर्णय घेत असे. भुरी दिसली तेव्हा पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक १० लिटरला २० ग्रॅम या प्रमाणात वापरले. मोहर फुललेला असताना सकाळी नऊ ते बारा या वेळेत कीटकनाशक मारू नये, कारण तेव्हा मधमाश्या आणि इतर कीटक परागीकरण करीत असतात. ही सूचना आमच्या भागात सर्वांत कमी पाळली जाते, याची मला मनापासून खंत वाटते. या पद्धतीने माझ्या फवारण्या आधीपेक्षा कमी झाल्या आणि कणी, म्हणजे बारीक फळे, धरण्यात काही उणे आले नाही.

थंडी लांबल्याने पुन्हा मोहर येऊ लागला की आधीची फळे गळतात. त्यासाठी जिब्रेलिक ॲसिड या संजीवकाची ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम, अशी फवारणी सुचवली जाते. ही पावडर थेट पाण्यात नीट विरघळत नाही. ती आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते, हे दुकानात कोणी सांगत नाही. मार्चमध्ये पारा चढल्यावर आळ्यात गवताचे आच्छादन करून, जिथे पाणी पोहोचते तिथल्या कलमांना प्रत्येकी १५० ते २०० लिटर पाणी पंधरवड्याच्या अंतराने दिले, आणि फळांना कागदी पिशव्या घातल्या. पिशवीतील फळ डागाळले नाही आणि फळमाशीपासूनही वाचले. सगळ्या बागेला पिशव्या घालणे मजुरीमुळे शक्य नाही, म्हणून खालच्या फांद्यांपुरते ते करावे.

मर्यादाही सांगितली पाहिजे. सल्ला जिल्ह्यासाठी लिहिलेला असतो, तर आमच्या जिल्ह्यात किनाऱ्यालगतची कलमे आणि सह्याद्रीच्या पायथ्याची कलमे एकाच वेळी मोहरत नाहीत. पत्रिकेत ‘बोंगे फुटण्याची अवस्था’ (मोहराचे कोंब फुटू लागण्याची) असे वाचले की आपले कलम त्या अवस्थेत आहे का, हे झाडाखाली जाऊनच ठरवावे लागते, आणि एकाच बागेत निम्मी कलमे पालवीवर व निम्मी मोहरावर असतील तर सल्लाही त्या-त्या कलमांपुरता वेगळा लावावा लागतो. सुपारीच्या कोळेरोगासाठी, म्हणजे फळे गळवणाऱ्या बुरशीजन्य रोगासाठी, पावसापूर्वी मोरचूद व चुन्याचे १ टक्का बोर्डो मिश्रण आणि काजूवरील ढेकण्या या किडीसाठी पालवीपासून लक्ष ठेवणे, एवढे मी पाळतो. भाजीपाल्यासाठी मात्र घरामागच्या वाफ्यांवर रोजची फेरी अधिक उपयोगी पडली. यंदा पावसाळ्यात वेलवर्गीय भाज्यांच्या मांडवाखाली पाणी साचू नये म्हणून चर आधीच काढून ठेवणार आहे, आणि जुलैच्या उघडिपीसाठी कलमांचे व्यास आताच मोजून वहीत लिहिले आहेत.