पन्हाळ्यावरचे तीन दिवस : जखमी माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या शिबिराचा अनुभव

सीमेवर जखमी होऊन घरी परतलेल्या सैनिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी कोल्हापुरातील काही माजी सैनिक मिळून दर हिवाळ्यात तीन दिवसांचे निवासी शिबिर भरवतात. मुक्काम पन्हाळ्यावर असतो, आणि डोंगरावर चालणे, गळ टाकून मासे धरणे व होडी वल्हवणे एवढाच कार्यक्रम असतो. गेल्या डिसेंबरात माझे यजमान, आमची दोन मुले आणि मी असे चौघे या शिबिराला जाऊन आलो. ज्या घरात असा माणूस आहे त्या घराला जावे की न जावे हे ठरवणे सोपे नसते, आम्हालाच दोन वर्षे लागली. म्हणून काय चांगले होते आणि काय खटकले ते सविस्तर लिहीत आहे.

माझे यजमान मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. जम्मू-काश्मीरमध्ये गस्तीवर असताना सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्यात १९४४ पासून चालणाऱ्या कृत्रिम अवयव केंद्रात त्यांना पाय बसवण्यात आला, तिथे चालायला शिकवले गेले, पुढे काही वर्षे कार्यालयीन काम करून ते नाईक म्हणून निवृत्त झाले. शरीराच्या उपचारात लष्कराने काही कमी केले असे मी म्हणणार नाही. प्रश्न घरी आल्यावर सुरू झाला. आमच्या भागात निवृत्त सैनिकाचा हुद्दा कोणताही असो, गाव त्याला ‘मेजर’ म्हणते, आणि त्या हाकेत खरे प्रेम असते. पण हा मेजर रात्री दोन-दोन वेळा उठून दाराची कडी पाहतो, लग्नाच्या मांडवात भिंतीला पाठ लावूनच बसतो आणि नसलेल्या पायाच्या बोटांत कळा येतात हे कोणाला सांगत नाही, हे गावाला माहीत नसते. मला ते माहीत होते, आणि माझ्यापरीने मी एकच उपाय शोधला होता. आठ वर्षे मी त्यांच्या डाव्या बाजूनेच चालत आले. पायरी आली की माझा हात त्यांच्या दंडाखाली जाई. तो हात नको आहे असे ते कधी म्हणाले नाहीत, आणि मीही कधी विचारले नाही.

पहिल्या संध्याकाळी, सामान लावून झाल्यावर, शिबिर चालवणारे निवृत्त सुभेदार साहेब आम्हा बायकांना आणि दोन मातांना बाजूला घेऊन म्हणाले, “वहिनी, तीन दिवस हात मागं ठेवायचा. त्यांनी मागितला तरच द्यायचा.” एवढेच बोलून ते चहाचे बघायला गेले. मला त्यांचा राग आला. ज्यांनी माझ्या घरातली एकही रात्र पाहिलेली नाही त्यांनी हे सांगावे, असे वाटले. आज मागे वळून पाहताना त्या शिबिराचे सगळे मोल मला त्याच एका नियमात दिसते.

दुसऱ्या दिवशी मसाई पठार होते. पन्हाळ्याच्या पश्चिमेला पसरलेले हे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सपाट पठार चालण्यासाठी निवडण्यात मोठा विचार आहे. पठारापर्यंत जीप गेली, त्यामुळे चढाची दमछाक टळली. वर गेल्यावर मात्र खरोखरीचे रान होते : वाळलेले गवत, मधूनच उघडा कातळ आणि सतत वाहणारा वारा. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले ते याच वाटेने. सुभेदार साहेबांनी त्यावर भाषण केले नाही. हात करून फक्त “ही ती वाट” म्हणाले आणि पुढे निघाले. माझ्या यजमानांनी मान वर करून त्या दिशेला जितका वेळ पाहिले, तितका वेळ त्यांनी काही पाहिल्याचे मला बऱ्याच दिवसांत आठवत नव्हते.

चालण्याची आखणी बारकाईने केलेली होती. कृत्रिम पायात घातलेला पायाचा उरलेला भाग, ज्याला ही मंडळी स्टंप म्हणतात, दिवसभरात आकार बदलतो. चालून चालून तो आकसला की सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची ज्यात स्टंप बसतो ती खोबण, सैल होते, मग आत आणखी एक मोजा चढवावा लागतो. घाम साचला तर कातडी सोलवटते. त्यामुळे साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाने थांबा होता. खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात काही वर्षे राहिलेले एक गृहस्थ पुढे दोन दांड्या असलेल्या, रुंद चाकांच्या खुर्चीवर होते. कमरेखाली संवेदना नसल्याने एकाच जागी दाब पडून जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना ठरावीक वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलावे लागते. थांबा नेमका कोणासाठी आहे हे कोणी पुकारत नव्हते. सगळेच थांबत होते, कोणी पाणी पीत होते, कोणी पाय काढून मोजा बदलत होते, आणि नऊ कुटुंबांच्या देखत गवतावर बसून माझ्या यजमानांनी आपला पाय काढला. घरी ते खोलीचे दार लावून पाय काढतात.

परतीच्या वाटेवर एक उतार होता. ज्यांना अनुभव नाही त्यांना चढ अवघड वाटतो, पण पाय गमावलेल्या माणसाची खरी परीक्षा उतारावर असते, कारण कृत्रिम घोट्याला जमिनीचा तिरपेपणा हवा तसा ओळखता येत नाही. तिथे त्यांचा पाय घसरला आणि ते पडले. मी चार हातांवर होते. माझा हात पुढे झालासुद्धा होता, आणि सुभेदार साहेबांकडे नजर गेली म्हणून मी तो मागे घेतला. ते चार-पाच क्षण माझ्या आयुष्यातले फार लांब क्षण होते. यजमानांनी अंग कुशीवर वळवले, उजवा गुडघा खाली घेतला, काठी रोवली आणि उठले. पँटवरची माती झटकली. माझ्याकडे पाहून म्हणाले, “मोजा कमी पडला गं. सैल झालंय.” पडण्याचे कारण त्यांनी स्वतः शोधले होते आणि मला सांगितले होते. आठ वर्षांत मी त्यांना पडू दिले नव्हते, त्यामुळे त्यांना उठता येते हे मला ठाऊकच नव्हते.

तिसऱ्या दिवशीचा पाण्यावरचा कार्यक्रम राधानगरीच्या वाटेवरील एका लहान धरणाच्या फुगवट्यावर होता. होड्या मुलांना आवडल्या, त्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही. मासेमारीविषयी मात्र सांगायला हवे. अमेरिकेत जखमी सैनिकांना गळाने मासे धरायला शिकवणारा एक उपक्रम २००५ मध्ये वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात सुरू झाला, त्याचे नाव प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स. त्याबद्दल समजल्यावर आपल्याकडेही हे करून पाहावे असे आयोजकांना वाटले. तिथे नदीत माशीसारखे हलके गळ फेकतात, इथे बांबूची काठी, दोरा आणि कणकेची गोळी. साधन वेगळे असले तरी काम तेच. काठावर बसायचे, नजर दोऱ्यावर ठेवायची आणि वाट पाहायची. ज्या माणसाचे कान सतत आवाजाचा माग घेत असतात, त्याला लक्ष ठेवण्याची सवय सोडायला सांगून उपयोग होत नाही. ती सवय कुठेतरी निरुपद्रवी जागी वापरायला मिळाली तर अंग सैल पडते. हे मी कुठे वाचलेले नाही, काठावर दोन तास बसून पाहिलेले आहे. त्यांना तीन चिलापी मिळाल्या आणि त्या दोन तासांत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिले नाही.

माझ्या दृष्टीने कुटुंबांसाठी राखलेले तास हा या शिबिराचा दुसरा मोठा गुण आहे. पुरुष मंडळी मासे धरत असताना आम्ही बायका झाडाखाली बसलो होतो. सैनिक टाकळीहून आलेल्या एका ताईंनी सांगितले की त्या रोज रात्री नवऱ्याच्या आधी झोपत नाहीत, अकरा वर्षे झाली. कोणीही त्यांना धीराचे शब्द सांगितले नाहीत, कारण आम्ही सगळ्याच तसे करत होतो. माझा अकरा वर्षांचा मुलगा याच वेळी एका वयस्क हवालदार काकांच्या मागे लागला होता. घरी त्याने वडिलांच्या पायाविषयी कधी एक शब्द विचारला नव्हता, आणि आम्ही त्याला समंजस म्हणत होतो. काकांनी त्याला लायनर, म्हणजे स्टंपवरचे मऊ आवरण, कसा गुंडाळून चढवायचा, त्याच्या टोकाची पिन सॉकेटमध्ये बसल्यावर कट्-कट् असा आवाज कसा येतो, आवाज कमी आला तर काय समजायचे, हे सगळे दाखवले. मुलाने तो आवाज मोजला. रात्री जेवताना त्याने वडिलांना विचारले, “पप्पा, तुमचे कट् किती?” त्यांनी सांगितले, “पाच.” पिठले, भाकरी, खर्डा आणि दही असे साधे जेवण होते, आणि त्या पंगतीत हा प्रश्न भाजीत मीठ किती असे विचारावे तसा विचारला गेला.

आता खटकलेल्या गोष्टी. त्या लहान नाहीत.

दुसऱ्या रात्री एका स्थानिक मंडळाने सत्काराचा कार्यक्रम ठेवला होता आणि आयोजकांनी भिडेखातर तो मान्य केला. शाल, श्रीफळ, दीड तासाची भाषणे, आणि स्वागताला फटाक्यांची माळ. माळ लागली त्या क्षणी दोघे जण खुर्च्यांमागे गेले, एकाने बायकोचे डोके खाली दाबले, आणि माझे यजमान भिंतीशी उभे राहिले ते पुढचा तासभर बसले नाहीत. मंडळाची भावना चांगली होती यात मला शंका नाही, पण स्फोटात जखमी झालेल्या माणसांच्या शिबिरात फटाके वाजणार नाहीत एवढी खात्री आयोजकांनी आधी करून घ्यायलाच हवी होती. सुभेदार साहेबांनी सकाळी प्रत्येक कुटुंबाची स्वतंत्र भेट घेऊन माफी मागितली, ही गोष्ट त्यांच्या बाजूने लिहायला हवी. तरीही ती रात्र वाया गेली, आणि एका कुटुंबाने सकाळी सामान बांधले ते परतले नाही.

दुसरी उणीव राहण्याच्या जागेची. नऊ कुटुंबांना मिळून बसण्याचा कमोड एकच होता आणि त्याच्याजवळ धरायला दांडा नव्हता. पाय काढून झोपलेल्या माणसाला रात्री उठायचे असेल तर कुबड्यांवर ओल्या फरशीवरून जावे लागत होते. रुंद चाकांची खुर्ची दारातून आत येत नव्हती. पठारावर इतका विचार करणाऱ्यांनी न्हाणीघराचा विचार करू नये याचे आश्चर्य वाटले.

तिसरी उणीव मला सर्वांत अधिक महत्त्वाची वाटते. मानसोपचाराचे शिक्षण घेतलेली व्यक्ती फक्त पहिल्या संध्याकाळी दोन तास आली होती. ज्या रात्री खरी गरज पडली त्या रात्री कोणी नव्हते. शिबिर संपल्यावर फोनवरचा एक गट सुरू झाला, त्यात शुभेच्छांचे संदेश येतात, पण महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भेटण्याची काही व्यवस्था नाही. डोंगर आणि पाणी औषधाची जागा घेऊ शकत नाहीत. ज्यांचे उपचार सुरू आहेत त्यांनी ते थांबवून इकडे येऊ नये, हे आयोजकांनीही स्पष्ट सांगायला हवे.

“आमच्या माणसाला हे झेपेल का?” असे मला शिबिरानंतर तीन-चार घरांतून विचारले गेले. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले. २०२१ मध्ये आठ अपंग व्यक्तींचे पथक सियाचीनमध्ये १५,६३२ फुटांवरील कुमार पोस्टपर्यंत चालत गेले. ही उदाहरणे मी घरच्यांना सांगते, पण थोडे थांबून सांगते. प्रत्येकाने पदक आणावे अशी अपेक्षा त्यांच्यावर लादली तर तेही एक ओझेच होते. या शिबिरात कोणाचीही वेळ मोजली जात नाही, कोणाचा क्रमांक लागत नाही. पठारावर अर्ध्या वाटेतून परत फिरलेल्या एका जवानाला जीपपाशी गरम चहा मिळाला आणि कोणी कारण विचारले नाही.

सैनिकाकडून पैसे घेत नाहीत, घरच्यांचा जेवणखर्च आपण द्यायचा असतो आणि तो परवडण्यासारखा आहे. जायचे ठरवले तर स्टंपवरचे मोजे नेहमीपेक्षा दुप्पट घ्यावेत, लायनर धुऊन रात्रभर वाळवावा लागत असल्याने दुसरा जोड असल्यास तो आठवणीने न्यावा, आणि कुबड्या घरी ठेवू नयेत. डिसेंबरात पन्हाळ्यावर पहाटे चांगलीच थंडी असते. पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्यांना कमरेखालचा गारठा जाणवत नाही, त्यांच्या पायांवर घरच्यांनीच पांघरूण तपासत राहावे. जागा आरक्षित करताना कमोड आणि फटाके या दोन गोष्टी मी सांगितल्याप्रमाणे विचारून घ्याव्यात, आणि उत्तर गुळमुळीत आले तर पुन्हा विचारावे.

आम्ही या हिवाळ्यासाठी नाव दिले आहे. यजमान कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी एकटे फिरायला जातात. मी बरोबर जाते तेव्हा उजव्या बाजूने चालते. निघण्यापूर्वी उंबऱ्याशी बसून ते पाय चढवतात, आणि आतल्या खोलीतून मुलगा ओरडतो, “चारच झाले पप्पा, अजून एक.”