परदेशातील ग्रंथजतन इंटर्नशिप : परतल्यानंतरच्या सात महिन्यांचा अनुभव

अंबाजोगाई परिसरातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. छापील पुस्तकांखेरीज आमच्याकडे मोडी कागदांचे रुमाल (म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे), निजामाच्या काळातील उर्दू दप्तर आणि गावातल्या घराण्यांनी दिलेल्या पोथ्या आहेत. यंदा जानेवारी ते मार्च हे तीन महिने मी युरोपातील एका मोठ्या ग्रंथालयाच्या जतन विभागात इंटर्न होते. ही इंटर्नशिप परदेशी ग्रंथालये व अभिलेखागारे यांच्या कर्मचाऱ्यांसाठीच असते. परतल्यावर लगेच लिहायला बसले होते, पण आमच्या दप्तरखान्यात एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्याशिवाय या शिक्षणाची किंमत ठरवणे मला योग्य वाटले नाही.

मी गेले होते फाटके कागद सांधायला शिकण्यासाठी. प्रत्यक्षात पहिले पाच आठवडे मला ब्रश हातात धरू दिला नाही, आणि त्या वेळी मी मनातून नाराज होते. ते पाच आठवडे केवळ सर्वेक्षणाचे होते: प्रत्येक कपाटातील काय किती बिघडले आहे, ते किती वापरले जाते आणि त्याची दुसरी प्रत कोठे आहे का, याची नोंद करायची व त्यावरून कामाचा क्रम लावायचा. या पद्धतीमागे ४ नोव्हेंबर १९६६ चा इटलीतील फ्लॉरेन्सचा महापूर आहे. तेथे चिखलात भिजलेली पुस्तके वाचवण्यासाठी गेलेले इंग्लंडमधील ग्रंथबांधणीकार पीटर वॉटर्स पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेले आणि तेथे त्यांनी टप्प्याटप्प्याने जतन करण्याची रीत रुजवली. एका ग्रंथावर महिनाभर दुरुस्ती करण्याआधी शंभर ग्रंथांना साध्या पुठ्ठ्याच्या मापाच्या पेट्या करून द्याव्यात, म्हणजे बिघाड निदान थांबतो, असा तो विचार आहे. सात महिन्यांनंतर मी खात्रीने सांगू शकते की, आमच्यासारख्या दोन कर्मचारी आणि एक शिपाई असलेल्या वाचनालयाला याहून मोलाचे काही मिळाले नसते. जूनअखेर आमचे सर्व ८६ रुमाल तपासून झाले. त्यांतील ११ तातडीचे निघाले आणि त्यांच्या पेट्या मोठ्या पावसाच्या आधी तयार झाल्या.

दुरुस्तीच्या टेबलावरचे शिक्षण मात्र आपल्या कागदांवर जसेच्या तसे लावता येत नाही, आणि हे कोणीतरी स्पष्ट लिहिण्याची गरज आहे. युरोपातील जुने लेखन बहुतांशी लोह आणि मायफळ यांच्या शाईचे आहे. ती शाई आम्ल असते व कागद खाते, म्हणून तेथे तिच्यावर कॅल्शियम फायटेटच्या (शाईतील लोह निष्क्रिय करणाऱ्या द्रावणाच्या) स्नानाचा उपचार करतात, आणि तो मी तीन आठवडे मन लावून शिकले. आमचे मोडी कागद काजळ आणि डिंक यांच्या शाईने, बोरूने लिहिलेले आहेत. काजळ शतकानुशतके फिके पडत नाही आणि कागदही खात नाही, परंतु डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे तेच स्नान दिले तर पानावरचे अक्षर पाण्यात उतरेल. पाण्याचा बारीक थेंब एका टिंबावर ठेवून टीपकागदाने टिपून पाहण्याची चाचणी मी तेथेच शिकले, आणि त्या चाचणीनेच मला येथे स्नान देण्यापासून रोखले. निजामाच्या काळातील कचेऱ्यांच्या कागदांवरील जांभळी शाई तर नुसत्या दमट हाताने पसरते.

हवामानाच्या बाबतीत तेथील पाठ अपुरा पडला. अठरा ते वीस अंश तापमान आणि पन्नास टक्क्यांच्या आसपास दमटपणा हे तेथे गृहीत धरलेले असते. लोडशेडिंगमध्ये एसी बंद-चालू होत राहिला तर दररोजचा चढउतार कागदाला अधिकच मारतो, याचा तेथे कोणाला अनुभव नव्हता. या विषयात मला खरी मदत झाली ती माझ्यासोबतच्या श्रीलंकेतील सहकारी इंटर्नची, कारण ती ताडपत्रे विना-एसी सांभाळत होती. तिच्या सांगण्यावरून मी डेटालॉगर (तापमान व दमटपणा सतत नोंदवणारे उपकरण) आणला आणि आमचे वाचनालय ज्या वाड्यात आहे त्याच्या निरनिराळ्या खणांत ठेवून पाहिला. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना पांढरीच्या मातीच्या जाड भिंतींआडच्या आतल्या खोलीत ३४ अंश होते, आणि दिवस-रात्रीचा फरक जेमतेम दोन अंशांचा. ऑगस्टमध्ये रस्त्याकडील खोलीत दमटपणा ७८ टक्क्यांवर गेला. ६५ टक्क्यांच्या वर तो टिकला की बुरशी धरते. सगळे रुमाल आम्ही आतल्या खोलीत हलवले आणि मांडण्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढल्या. यासाठी एक रुपयाही खर्च झाला नाही.

सप्टेंबरमध्ये रात्रीच्या पावसात माळवद गळले आणि तीन रुमाल भिजले. शिपाईमामा ते उन्हात टाकायला निघाले होते. त्यांची तळमळ खरी होती, पण उन्हाने पाने वाकडी होऊन चिकटली असती. भिंतीवर लावलेल्या आपत्ती-तक्त्याप्रमाणे आम्ही ते सावलीत, टीपकागदावर, पंख्याच्या वाऱ्याला ठेवले, कारण बुरशी साधारण ४८ तासांत सुरू होते. एका रुमालाच्या लाल बासनाचा, म्हणजे गुंडाळलेल्या कापडाचा, रंग कडेच्या पानांवर उतरला, तेवढेच नुकसान झाले. तेव्हापासून आम्ही खळ धुऊन काढलेले मांजरपाट वापरतो. कसर लागलेली पुस्तके पिशवीत हवाबंद करून आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजरमध्ये उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवण्याचा प्रयोगही यशस्वी झाला. वाळवीवर त्याचा उपयोग नाही, कारण तिचे वारूळ जमिनीत असते.

खर्चाविषयी थोडक्यात: विद्यावेतन खोलीभाड्यातच बहुतेक संपले, आणि तीन महिन्यांची रजा मला बिनपगारी घ्यावी लागली. साहित्याच्या यादीत सगळी नावे युरोपातील दुकानांची होती, ही माझी मोठी तक्रार आहे. फाटकी पाने सांधण्याच्या महाग जपानी कोझो कागदाऐवजी नेपाळी लोक्ता कागद बऱ्याच ठिकाणी चालतो, हे मला येथे आल्यावर कळले. फाइलींसाठी दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद आम्ही पीएच पेनने (कागदातील आम्लता दाखवणाऱ्या पेनने) तपासून घेतो.

ज्यांना जायचे आहे त्यांनी आधी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील अल्प मुदतीचा अभ्यासक्रम जरूर करावा. मी तो केला नव्हता, म्हणून पहिले काही दिवस शब्द समजून घेण्यातच गेले. जाताना आपल्या संग्रहाची छायाचित्रे आणि जुन्या वह्यांतील कोऱ्या पानांचे चार-दोन तुकडे सोबत न्यावेत. संतकवी दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी आमच्या अंबाजोगाईचीच, म्हणून अशा लिखाणाविषयी मी विचारले, तेव्हा कागद विभागाने मला वस्त्र विभागाकडे पाठवले आणि वस्त्र विभागाने शाईसाठी परत कागद विभागाकडे. हातात दाखवायला शाईने लिहिलेला कापडाचा एक नमुना असता, तर दोन्ही विभागांना एका टेबलापाशी बसवता आले असते.