शल्लकीच्या कॅप्सूल: तीन महिन्यांचा अनुभव

उजव्या गुडघ्याची झीज सुरू झाल्याचे निदान झाल्यावर, डॉक्टरांना विचारूनच मी शल्लकीच्या कॅप्सूल सुरू केल्या. शल्लकी म्हणजे सातपुड्यात, मेळघाटात कोरड्या डोंगरउतारांवर दिसणारा आपला सालईचा वृक्ष, आणि त्याच्या खोडाला खाच दिल्यावर पाझरणारा सुगंधी डिंक हे त्यातील औषध. डिंकातील बॉस्वेलिक आम्ले ५-लायपॉक्सिजनेज या विकराला (एन्झाइमला) अटकाव करतात. हे विकर सूज वाढवणारी ल्युकोट्राइन्स तयार करण्यास कारणीभूत असते.

पहिली बाटली मी घाईने घेतली. दर्शनी बाजूस ठळक अक्षरांत ‘शल्लकी ५०० मिलिग्रॅम’ एवढेच होते. मागे बारीक अक्षरांत ‘चूर्ण’ असा शब्द होता आणि बॉस्वेलिक आम्लांचे प्रमाण कोठेच नव्हते. महिनाभरानंतरही जिना उतरताना येणारी कळ तशीच होती. दुसऱ्या कंपनीच्या बाटलीवर मात्र ‘घनसत्त्व, बॉस्वेलिक आम्ले ६५ टक्के’ असे स्पष्ट छापलेले आढळले; घनसत्त्व म्हणजे साध्या चूर्णाऐवजी काढून घट्ट केलेला अर्क. एक कॅप्सूल बशीत उघडून पाहिली, तेव्हा फिकट पिवळसर भुकटीला देवघरातल्या धुपासारखा मंद वास आला. ही बाटली सुरू केल्यावर साधारण पाचव्या आठवड्यापासून सकाळचा ताठरपणा उणावला. मांडी घालून बसणे अजूनही जमत नाही, परंतु बाजारापर्यंत न थांबता चालता येते.

नागपूरमध्ये ३० रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ३३३ मिलिग्रॅम अर्क दिवसातून तीनदा, आठ आठवडे दिल्यावर वेदना कमी झाल्या व चालण्याचे अंतर वाढले, तरी क्ष-किरण चित्रात फरक दिसला नाही. त्यामुळे या दुसऱ्या बाटलीसोबतच्या पत्रकातील ‘झिजलेली कूर्चा (सांध्यातील मऊ हाड) पुन्हा भरते’ हा दावा मला अजिबात मान्य नाही, आणि चांगल्या औषधाला अशा जाहिरातीची गरजही नसावी.

ही आम्ले स्निग्ध आहाराबरोबर अधिक शोषली जातात, म्हणून मी कॅप्सूल तूप घातलेल्या वरणभातानंतरच घेते. उपाशीपोटी घेतली त्या दोन दिवशी मळमळ झाली होती. दुसरी बाटली मी पुन्हा घेणार आहे. पहिलीच्या उत्पादकांना मात्र आम्लांचे प्रमाण छापण्याची विनंती करणारे पत्र पाठवले असून त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.