दत्तक म्हणून दाखवलेली मुलगी अनाथ नव्हती

आम्ही न्यू जर्सीत राहतो, अमेरिकेचे नागरिक आहोत आणि आमच्याकडे ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाची, कार्डे आहेत. २०१८ साली, आमचा मुलगा तेरा वर्षांचा असताना, आम्ही भारतातून सात-आठ वर्षांची मुलगी दत्तक घ्यायचे ठरवले. तान्ह्या बाळांसाठी रांगा लागतात आणि पाच-सहा वर्षांपुढच्या मुलांना फारसे कोणी विचारत नाही, हे कळल्यावर आमचा विचार पक्का झाला होता. त्या डिसेंबरात आम्ही तिघे मुंबईत उतरलो आणि तीन आठवड्यांनी ९ लाख ४० हजार रुपये गमावून तिघेच परत आलो. पैशांचे दुःख केव्हाच मागे पडले आहे. ज्या मुलीला आम्ही नऊ दिवस आपली लेक म्हणून वागवले, तिचे आईवडील जिवंत होते. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांपैकी कोणी या वाटेने जाऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमच्यासाठी सरळ मार्ग खुला होता. अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून गृह अभ्यास अहवाल करून घ्यायचा, तिथल्या इमिग्रेशन खात्याची आय-८००ए अर्जावर मंजुरी मिळवायची आणि त्या संस्थेमार्फत केंद्रीय दत्तक ग्रहण प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे, नोंदणी करायची. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी पतिपत्नींच्या वयांची बेरीज शंभरपर्यंत चालते आणि आमची चौऱ्याण्णव होती. आम्ही नियमात पूर्ण बसत होतो. तरीही संस्थेने ‘दीड-दोन वर्षे लागतील’ असे सांगितले आणि आमचा धीर सुटला.

त्याच सुमारास एका ओळखीच्या बाईंनी पुण्यातल्या एका गृहस्थांचा नंबर दिला. ते स्वतःला समाजसेवक म्हणवत, बोलणे अत्यंत मृदू, पहिल्या फोनपासून मला ‘ताई’ म्हणत. त्यांचे एकच म्हणणे असे : “ताई, लहान बाळासाठी नियम कडक असतात. मोठ्या मुलाला कोण नेतंय? त्यांचं कल्याण होत असेल तर सरकार आडवं येत नाही.” आमच्या मनात जी करुणा होती, तिलाच त्यांनी बरोबर हात घातला. मोठ्या मुलांसाठी प्रक्रिया वेगळी किंवा सैल नसते. उलट पाच वर्षांवरील मुलाची स्वतःची संमती घ्यावी लागते, म्हणजे एक पायरी जास्तच असते. हे मला तेव्हा माहीत असते, तर तो फोन मी तिथेच ठेवला असता.

ऑक्टोबरच्या अखेरीस व्हॉट्सॲपवर एका मुलीचा फोटो आला. दोन वेण्या, लाल रिबिनी, शाळेचा निळा फ्रॉक आणि कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारे डोळे. आईवडील अपघातात गेले, मावशी सांभाळते, तिला झेपत नाही, असे खाली लिहिले होते. मी तो फोटो यजमानांना दाखवला, मुलाला दाखवला आणि त्या रात्रीच आम्ही तिच्यासाठी खोली कोणती द्यायची यावर बोललो. पुढे एका वकीलबाईंनी समजावले, तेव्हा कळले की संस्थेतल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करण्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने मनाई आहे. ज्या फोटोवर आमचा जीव जडला, तो पाठवणे हाच पहिला गुन्हा होता. ‘कारा’च्या मार्गाने जाणाऱ्यांनाही मुलाचा फोटो आणि अहवाल मिळतो, पण तो नोंदणी आणि मंजुरी झाल्यानंतर आणि अधिकृत प्रणालीतूनच. कागदपत्रे सुरू होण्याआधी कोणी मूल दाखवत असेल, तर तो माणूस कितीही सज्जन वाटला तरी तिथेच थांबावे.

पैसे हप्त्याहप्त्याने गेले. आधी २ लाख ‘वसतिगृहाला देणगी’ म्हणून, मग दीड लाख वकिलांचे, मग पासपोर्टचे, मग मावशीच्या कर्जाचे, आणि प्रत्येक वेळी कारण असे की नाही म्हणताना आपलीच लाज वाटावी. निम्म्याहून अधिक रक्कम रोख दिली, पावती एकाही रकमेची नाही. मान्यताप्राप्त दत्तक संस्थेला द्यायची रक्कम नियमांत ठरलेली असते आणि ती पावतीनेच दिली जाते, हे आम्ही एकदाही विचारून घेतले नाही.

१९ डिसेंबरला आम्हाला बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नेण्यात आले. तिथे वसतिगृह म्हणून दोन खोल्या होत्या, बाहेर पाटी नव्हती. शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर दत्तकपत्र तयार होते, त्यावर मावशी म्हणून आलेल्या बाईंनी अंगठा उठवला आणि नोटरीचा शिक्का पडला. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने हे पूर्ण कायदेशीर आहे आणि ‘कारा’चा संबंध येत नाही, असे त्या गृहस्थांच्या वकिलांनी ठासून सांगितले. वस्तुस्थिती अशी आहे की त्या कायद्यानुसार मूल दत्तक देण्याचा अधिकार आईवडिलांचा असतो. ते नसतील तर पालकाला आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते आणि दत्तकाबद्दल पैसे देणे-घेणे हा त्या कायद्यातही गुन्हाच आहे. शिवाय भारत आणि अमेरिका दोन्ही देश आंतरदेशीय दत्तकाच्या १९९३ च्या हेग कराराशी बांधलेले असल्याने अमेरिकेत कायम राहणाऱ्या दांपत्याने भारतातून मूल न्यायचे तर ‘कारा’चे ना-हरकत प्रमाणपत्र लागतेच. तो नोटरीचा कागद घेऊन आम्ही दूतावासाच्या दारातही उभे राहू शकलो नसतो.

मुलीला घेऊन आम्ही पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिलो. पासपोर्ट आठवड्यात येईल, असे सांगितले होते. तिच्याशी आईवडिलांचा विषय अजिबात काढू नका, तिला अजून नीट सांगितलेले नाही, धक्का बसेल, अशी ताकीदही त्या गृहस्थांनी दिली होती. आम्ही ती तंतोतंत पाळली. ती मला काकू म्हणायची, माझ्या मुलाकडून इंग्रजी अंक शिकायची आणि त्याला सतराचा पाढा म्हणून दाखवायची. रात्री मात्र दप्तर उशाशी घेतल्याशिवाय झोपत नसे.

२७ तारखेला सकाळी ती अंघोळीला गेली असताना दप्तरातली वही खाली पडली. शेवटच्या पानावर पेन्सिलीच्या उभ्या रेषा होत्या, पाच-पाचाचे गठ्ठे करून नीट ओढलेल्या. मी मोजल्या, त्या अडुसष्ट भरल्या. ती बाहेर आल्यावर मी विचारले, बाळ, हे काय आहे? ती सहज म्हणाली, “आई-दादा कारखान्याला गेल्यात ना, त्याचे दिवस.” दसऱ्यानंतर तीन दिवसांनी तिचे आईवडील ऊसतोडीला गेले होते आणि ती आजीकडे होती. काकूंच्या घरी थोडे दिवस राहायचे, शाळेचा खर्च मिळेल, असे तिला सांगितलेले होते. मग तिने विचारले, “पाडव्याला आई येती. त्याच्या आत मला आजीकडं नेऊन सोडताल ना?”

मी त्या गृहस्थांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “मुलं असं बोलतातच, ताई. मनाची समजूत असते.” क्षणभर मला ते पटावेसे वाटले, हे मला कबूल केले पाहिजे. पण वहीतल्या रेषा समोर होत्या. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात, अनेकांची मुले गावी आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात राहतात आणि त्या पाच-सहा महिन्यांत त्यांचे आईवडील शेकडो किलोमीटर दूर असतात. शाळेत भूगोलात शिकलेली ही गोष्ट आमच्या समोर बसून पाढे म्हणत होती आणि आम्हाला ती ओळखता आली नव्हती.

त्याच दुपारी आम्ही १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी मुलीला बाल कल्याण समितीपुढे नेले. तिथल्या एका सदस्यबाईंनी आम्हाला बाजूला बसवून सांगितले की नियमबाह्य दत्तक देणारा आणि घेणारा, दोघेही बाल न्याय कायद्याच्या ८०व्या कलमाखाली येतात, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्यावर गुन्हा नोंदला गेला नाही, कारण आम्ही स्वतः मुलीला घेऊन आलो होतो. पोलिसांत तक्रार दिली. पैशांपैकी १ लाख १० हजार परत आले, बाकीचे रोख असल्याने सिद्धच करता आले नाहीत.

समितीने आम्हाला हेही समजावले की मूल खरोखर टाकलेले असले, तरी आईवडिलांचा शोध घेतल्याशिवाय ते दत्तकासाठी मोकळे जाहीर करता येत नाही, आणि तो दाखला समितीचाच असावा लागतो. कोणी मोठ्या मुलाबद्दल सांगितले, तर हाच दाखला मागा आणि तो दिलेल्या समितीकडे स्वतः खात्री करा. आणि मुलाशी बोलू देत नसतील, तर त्याचे कारण एकच असते, हे आता मला कळले आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला आपली आई कुठे आहे हे नक्की माहीत असते.

मुलीची आई पाडव्यापर्यंत थांबली नाही. निरोप मिळताच ती कोल्हापूरकडच्या फडावरून निघून आली. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, त्यातले एक माणूस उठले की काम मोडते. समितीच्या कार्यकर्तीने नंतर फोनवर सांगितले की मुलीला ताब्यात घेण्याच्या कागदपत्रांसाठी आईचे अकरा दिवस गेले आणि त्या अकरा दिवसांचा खाडा मुकादमाने, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराने, त्यांच्या उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेत, चढवला.