गिअरबॉक्स उघडलाच नाही, बिल मात्र साडेचौदा हजारांचं

"काम झाल्यावर जुने पार्ट मागून घ्या, म्हणजे फसवणूक होत नाही," असं आपल्याला सगळेच सांगतात. मी मागून घेतले होते. तरीही मला लुबाडलं गेलं. जुनी गाडी वापरणाऱ्यांना, विशेषतः ज्यांच्या दारात अजून मारुती ८०० उभी आहे त्यांना हे कळायलाच हवं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

गाडी अण्णांनी घेतलेली, २००५ ची. पंधरा वर्षं झाल्यावर रीतसर पुन्हा पासिंग करून घेतली. इंजिन अजून ठणठणीत आहे. पावसाळ्याच्या तोंडावर रिव्हर्स टाकताना खर्र असा आवाज यायला लागला. मग सिग्नलला उभं असताना पहिला गिअर पडेना, जोर लावावा लागे. नेहमीचा मेस्त्री गावी गेला होता, म्हणून हायवेलगतच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली. त्याने गाडी दहा पावलंसुद्धा चालवली नाही. गिअरची दांडी दोनदा हलवली आणि म्हणाला, "ताई, गिअरबॉक्स बसलाय. सिंक्रो रिंगा गेल्या, बेअरिंग गेलं. आता चालवली तर रस्त्यात जॅम होईल." (सिंक्रो रिंग म्हणजे गिअर पडताना वेग जुळवून देणारी पितळी रिंग.)

अण्णा त्याच गाडीने दवाखान्यात जातात. ती रस्त्यात जॅम होईल असं ऐकल्यावर कुणीही हो म्हणेल, आणि हे बोलणाऱ्यालाही ते पक्कं ठाऊक असतं.

आठवडाभराने गाडी मिळाली. सिंक्रो किट, दोन बेअरिंग, ऑइल सील, गिअर ऑइल, मजुरी असं सगळं कच्च्या बिलावर लिहिलेलं. जुने पार्ट मागितल्यावर त्याने लगेच प्लास्टिकच्या पिशवीत एक दात तुटलेला गिअर, एक बेअरिंग आणि झिजलेली पितळी रिंग आणून दिली. गाडी खरंच बरी चालत होती. महिनाभरातच तोच खर्र आवाज परत आला. "नवीन पार्ट आहेत, बसायला वेळ लागतो," हे त्याचं उत्तर.

मग नेहमीच्या मेस्त्रीमामांकडे गेले. त्यांनी काय केलं ते नीट वाचा, कारण हे कुणालाही घरी करून बघता येतं. त्यांनी इंजिन बंद ठेवलं, क्लच दाबला आणि एकेक करून सगळे गिअर टाकून पाहिले. सगळे अलगद पडले. मग इंजिन चालू करून तेच केलं, तर पहिला अडला आणि रिव्हर्स खरखरला. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तेव्हा बहुतेक वेळा क्लच पूर्ण सुटत नसतो, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नाही. म्हणजे आधी संशय घ्यायचा तो क्लचचा, गिअरबॉक्सचा नाही. रिव्हर्सला सहसा सिंक्रो नसतो, म्हणून क्लचची तक्रार पहिल्यांदा तिथेच ऐकू येते. ८०० चा क्लच केबलवर चालतो. माझी केबल ताणली गेली होती आणि गिअरच्या रॉडचा बुश (सांध्यातली छोटी नळी) झिजून त्यात खेळ आला होता. आधीच्या गॅरेजवाल्याने फक्त केबलचा नट आवळला होता, म्हणून महिनाभर निभावलं.

"मग गिअरबॉक्समध्ये घातलेल्या पार्टचं काय?" मी विचारलं. मामांनी गाडी वर घेतली आणि मला खाली वाकून बघायला लावलं. गिअरबॉक्सच्या दोन भागांच्या सांध्यावर वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ मिसळून काळा थर बसला होता. बोल्टच्या डोक्यांवरही तोच थर, कुठे पाना लागल्याची चकाकी नाही. उघडून परत बसवला असता तर सांध्यातून नव्या सीलंटची रेघ बाहेर आलेली दिसली असती. मग त्यांनी ड्रेन प्लग, म्हणजे तेल काढायचं बूच, सोडला. नवं गिअर ऑइल मधाच्या रंगाचं असतं. माझ्या गाडीतून काळंकुट्ट तेल पडलं. पिशवीतला तो तुटका गिअर हातात घेऊन मामा म्हणाले, "पोरी, हा डिझेल जीपचा आहे. तुझ्या गाडीत हा बसणारच नाही."

म्हणजे ती पिशवी तयारच असते! माझ्याआधी किती जणांना तेच पार्ट दाखवले असतील, या विचाराने आजही माझा संताप होतो.

मामांनी केबल आणि बुश बदलला आणि ताजं तेल भरलं. तेलाबद्दल त्यांनी एक सांगितलं, तेही महत्त्वाचं आहे. गाडीच्या पुस्तिकेत जो ग्रेड लिहिलाय तोच घालायचा. जीएल-४ सांगितलं असताना जीएल-५ घातलं, तर त्यातली जास्तीची रसायनं काही वेळा पितळी सिंक्रो रिंगा खातात. आणि आवाज दाबायला कुणी १४० चं जाड तेल ओतत असेल तर हात धरा, थंड गाडीचे गिअर त्याने आणखी जड होतात.

गिअरबॉक्सचं काम खरंच निघालं, तर गाडी सोडण्याआधी सांध्यावरच्या बोल्टना रंगाचा ठिपका लावा आणि फोटो काढा. तेल काढताना समोर उभे राहा. पार्ट निघतील तसे गाडीखालीच बघा, नंतर पिशवीत नाही. आणि जीएसटीचं पक्कं बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

कच्चं बिल असूनही मी सोडलं नाही. ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद होती, मामांसमोर काढलेले फोटो होते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. नोटीस गेल्यावर गॅरेजवाल्याने नऊ हजार परत पाठवले आणि "आता मिटवून टाका" असा निरोप दिला. उरलेले साडेपाच हजार आले नाहीत तोवर तक्रार मागे घेणार नाही, असं मी त्याला लेखी कळवलंय.