अबू धाबीचा किनारा: तिवरं लावावीत की समुद्रगवत राखावं?

आखातातल्या एखाद्या कंपनीत हवेतला कार्बन किनाऱ्यावर साठवून ठेवण्यासाठीचा पर्यावरणाचा निधी कुठे घालायचा हे तुम्हाला ठरवायचं असेल, तर पहिला प्रस्ताव बहुधा तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, लागवडीचा येईल. संयुक्त अरब अमिरातीने २०३० पर्यंत १० कोटी खारफुटी लावायचं जाहीर केलं आहे, त्यामुळे या कामाला सरकारी पाठबळही आहे.

तिथे वाढणारी तिवर आपल्या मुंबईच्या खाड्यांतलीच जात. पण नदी नाही, पाऊस नगण्य, हजार भाग पाण्यात मीठ ४० भागांच्याही वर. त्यामुळे झाड खुजं राहतं. खरा कार्बन मुळांखालच्या चिखलात असतो. तिथे ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून गळलेलं पान, मेलेलं मूळ पूर्ण कुजत नाही. हा थर साचायला कित्येक दशकं लागतात. आग्नेय आशियातल्या दाट कांदळवनांचे आकडे दाखवून कुणी इथला हिशेब मांडत असेल, तर तो मान्य करू नका.

समुद्रगवताचं, म्हणजे उथळ समुद्राच्या तळाशी वाढणाऱ्या गवताचं, गणित वेगळं आहे. अबू धाबीच्या उथळ समुद्रातल्या मोजणीत तळाच्या वरच्या एक मीटर थरात हेक्टरी सरासरी ५० टनांच्या आसपास कार्बन आढळला. तिवरांच्या जुन्या वनापेक्षा हे कमी, पण कुरणं इतकी दूरवर पसरली आहेत की एकूण साठा फार मोठा होतो. याच कुरणांवर सुमारे ३,००० ड्युगाँग (समुद्रगाई) चरतात. बंदरासाठी तळ उपसला किंवा भराव टाकून बेट उभारलं की गवत जातं आणि खालचा कार्बन मोकळा होऊ लागतो.

माझं मत स्पष्ट आहे: आधी जुनी तिवरं आणि गवताची कुरणं वाचवा, उरलेल्या पैशांत लागवड करा. तीही जिथे पूर्वी तिवरं होती आणि भरतीचं पाणी पोचतं तिथेच. भरतीरेषेजवळच्या सपाट पट्ट्यांवर सूक्ष्मजीवांची काळपट साय असते. ओसाड वाटणाऱ्या त्या जमिनीतही कार्बन साठलेला असतो, तिथे खड्डे खणू देऊ नका.

कोणत्याही पर्यायात तेलाच्या धुराची भरपाई झाली असं अहवालात लिहू नका. उत्सर्जनाचं प्रमाण या किनाऱ्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. लागवडवाल्यांना रोपांची संख्या नव्हे, पाच वर्षांनी किती जगली ते विचारा. संवर्धनवाल्यांना विचारा, उपसा थांबवण्याचा अधिकार कुणाकडे आहे.