लोहाचे नॅनोकण घडताना पाहायचेत: एक्सआरडी, सॅक्स, एक्सएएस की पीडीएफ?

सहअवक्षेपणाने (दोन क्षारांतलं लोह एकाच वेळी द्रावणातून घनरूपात बाहेर काढून) मॅग्नेटाइट हे काळं, चुंबकीय लोह ऑक्साइड करणं दिसायला सोपं आहे. फेरिक (Fe³⁺) आणि फेरस (Fe²⁺) क्लोराइड २:१ प्रमाणात पाण्यात विरघळवायचं, नायट्रोजन सोडत राहायचं आणि अमोनिया घालायचा. पिवळट-तपकिरी द्रावण बघता बघता काळं होतं. रसायनशास्त्रज्ञ मासार यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही कृती आज असंख्य प्रयोगशाळांत रोज होते. अवघड भाग आहे तो त्या ‘बघता बघता’चा. आधी सुटे कण जन्मले की सरळ गोळाच झाला? मध्ये फेरिहायड्राइट (जेमतेम स्फटिक असलेलं फेरिक ऑक्साइड) होतं का? फेरस आयन घन पदार्थात कधी शिरले? क्ष-किरणांची चार तंत्रं हाताशी आहेत: एक्सआरडी (विवर्तन), सॅक्स (लहान कोनातलं विकिरण, म्हणजे किरण विखुरणं), एक्सएएस (शोषणाचा वर्णपट) आणि पीडीएफ (अणूंमधल्या अंतरांचं वाटप). पण तिन्ही प्रश्नांचं उत्तर देणारं त्यात एकही नाही. त्यामुळे बीमटाइमचा (सिंक्रोट्रॉन या मोठ्या क्ष-किरण यंत्रावर मोजायला मिळणाऱ्या वेळेचा) अर्ज लिहिण्याआधी यांपैकी आपला प्रश्न कोणता, हे एका वाक्यात लिहून काढा. निवड निम्मी तिथेच होते.

एक्सआरडी: हाताशी आहे, पण उशिरा पोहोचतं

पहिली अडचण क्ष-किरण नळीची. तांब्याच्या नळीचे के-अल्फा किरण ८.०५ केईव्हीचे (किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे) आणि लोहाचा के-एज (ज्या ऊर्जेपासून लोह किरण जोरात शोषू लागतं) ७.११२ केईव्हीवर. म्हणजे हे किरण लोहालाच फ्लुरोसन्स द्यायला, म्हणजे स्वतःचे क्ष-किरण फेकायला, लावतात आणि बॅकग्राउंड इतकं चढतं की लहान कणांची बसकी शिखरं त्यात बुडून जातात. कोबाल्टची नळी (६.९३ केईव्ही) वापरली तर हा त्रास मुळातच होत नाही. ती नसेल तर डिटेक्टरच्या बाजूला ग्रॅफाइट मोनोक्रोमेटर किंवा ऊर्जा वेगळी ओळखणारा डिटेक्टर हवा. मँगनीज फेराइट करणाऱ्यांनी मात्र जपून: मँगनीजचा के-एज ६.५४ केईव्हीवर आहे, तेव्हा कोबाल्टची नळी लोहाला गप्प बसवते आणि मँगनीजला पेटवते.

दुसरी अडचण मॅग्नेटाइट आणि मॅघेमाइट (त्याचंच पूर्ण ऑक्सिडाइझ झालेलं रूप) वेगळे ओळखण्याची. दोघांची स्फटिकरचना एकच, स्पिनेल जाळी. एकाची बाजू ८.३९६ अँगस्ट्रॉम, दुसऱ्याची साधारण ८.३४६. तांब्याच्या किरणांवर (४४०) या स्फटिक-पातळ्यांचं शिखर ६२.५° वरून ६२.९° वर सरकतं, फक्त ०.४°. पण १० नॅनोमीटरच्या कणाचं तेच शिखर शेररच्या सूत्राने (कण जितका लहान, तितकं शिखर रुंद) ०.९° रुंद असतं. मिश्रण असेल तर दोन शिखरं सुटी दिसणार नाहीत. तरी ‘शुद्ध मॅग्नेटाइट’ असा निष्कर्ष केवळ एक्सआरडीवरून सर्रास लिहिला जातो, आणि ते थांबायला हवं.

शिवाय भुकटी वाळवताना गोष्टच बदलते. ६० अंशांच्या साध्या ओव्हनमध्ये ठेवलेल्या काळ्या थराच्या कडा सकाळी तांबूस दिसल्या तर फेरस ऑक्सिडाइझ झालं, हे सांगायला यंत्र लागत नाही. मधल्या टप्प्यातले अस्फटिक कण तर शिखर देतच नाहीत. ते किती आहेत हे काढायचं असेल तर १० ते २० टक्के कोरंडम किंवा सिलिकॉन ज्ञात मानक म्हणून तोलून मिसळावं लागतं. एकूण काय, तयार मालाच्या तपासणीला एक्सआरडी उत्तम, घडण पाहायला अपुरं.

सॅक्स: किती मोठे, किती, आणि कसे वाढले

घडणीच्या अभ्यासाला एकच तंत्र परवडत असेल तर आमचं मत सॅक्सच्या बाजूने. नमुना द्रावणातच राहतो, वाळवावं लागत नाही. पाण्याची इलेक्ट्रॉन घनता घन नॅनोमीटरला ३३४ आणि मॅग्नेटाइटची सुमारे १४८०; त्यामुळे विकिरण भरघोस मिळतं. ओलेइक आम्लाचं किंवा पॉलिमरचं आवरण मात्र या उजेडात जवळपास अदृश्य असतं, म्हणून सॅक्समधला आकार हा लोहाच्या गाभ्याचा आकार धरावा.

खरी गंमत दोन आकडे शेजारी ठेवल्यावर कळते. एक म्हणजे शून्य कोनाकडे वाढवत नेलेली तीव्रता. ती कणांची संख्या गुणिले आकारमानाचा वर्ग या प्रमाणात असते. दुसरा म्हणजे पोरोद इन्व्हेरियंट, जो एकूण घन पदार्थ किती, एवढंच सांगतो. दोन्ही चढत असतील तर द्रावणातलं लोह अजून बाहेर पडतंय. इन्व्हेरियंट थबकला आणि तीव्रता चढतच राहिली, तर नवं काही येत नाही; आहेत तेच कण एकमेकांत मिसळताहेत किंवा मोठे कण लहानांना खाताहेत. कणांची वाढ आणि विलीनीकरण यांतला हा फरक बाकीची तिन्ही तंत्रं इतक्या सरळपणे दाखवत नाहीत. त्यासाठी मोजमाप निरपेक्ष मापावर आणावं लागतं. पाणी हाच सोयीचा मानक: २० अंशांना त्याचं विकिरण ०.०१६३ प्रति सेंटिमीटर.

फसवणूकही इथेच होते. व्यास दुप्पट झाला की एका कणाची तीव्रता ६४ पट होते. शंभरात दोन-चार मोठे गोळे असले तरी आलेखावर त्यांचंच राज्य. गिनिए पद्धतीने (लहान कोनांतल्या रेषेच्या उतारावरून) त्रिज्या काढताना क्यू (विकिरणाच्या कोनाचं माप) गुणिले आरजी (तीच त्रिज्या) १.३ च्या आत ठेवा, आणि त्या भागात रेषा वर वळत असेल तर आकडा छापू नका. तो गोळ्यांचा असतो. ५ नॅनोमीटर त्रिज्येच्या एकसारख्या गोल कणांना क्यू = ०.९ प्रति नॅनोमीटरजवळ पहिली दरी दिसायला हवी. ती पुसट झाली तर आकारांचं वाटप पसरलेलं आहे.

कण फेरिहायड्राइटचे की मॅग्नेटाइटचे, हे सॅक्सला विचारू नये.

एक्सएएस: फेरस किती, शेजारी कोण

हा प्रश्न एक्सएएसचा. फेरसकडून फेरिककडे जाताना लोहाचा एज काही इलेक्ट्रॉनव्होल्टने वर सरकतो, आणि त्याआधीच्या छोट्या शिखराचं केंद्र सुमारे १.४ इलेक्ट्रॉनव्होल्टने. नमुना अस्फटिक असो, पाण्यात असो, चालतं. एक्झॅफ्समधून (एजनंतरच्या लाटांमधून) शेजारची अंतरंही मिळतात. कोबाल्ट फेराइटमध्ये मात्र ७.७०९ केईव्हीवर कोबाल्टचा एज येतो आणि लोहाचा एक्झॅफ्स १२.५ प्रति अँगस्ट्रॉमच्या आसपास कापला जातो.

नमुन्याचं गणित आधी करा. एजची उडी (तिथे शोषणात होणारी वाढ) १ हवी असेल तर चौरस सेंटिमीटरला २.८ मिलिग्रॅम लोह लागतं. १३ मिलिमीटरच्या पेलेटमध्ये सुमारे ५ मिलिग्रॅम मॅग्नेटाइट, बाकी बोरॉन नायट्राइड किंवा सेल्युलोज. यापेक्षा खूप जास्त घालून फ्लुरोसन्समध्ये मोजलं तर स्वशोषणाने शिखर चपटं होतं आणि फिट चुकीची टक्केवारी सांगतं. द्रावणात उलटी टंचाई: ०.१ मोलर लोह आणि १ मिलिमीटर जाडी एवढ्यावर उडी फक्त ०.२ येते. १० मिलिमोलरला ती ०.०२ उरते, तिथे फ्लुरोसन्सशिवाय इलाज नाही. जाडी वाढवून उपयोग नाही, कारण या ऊर्जेला एक मिलिमीटर पाणीच जेमतेम चौथा हिस्सा किरण पुढे जाऊ देतं.

सर्वांत मोठा धोका बीमचाच. क्ष-किरणांनी पाण्यातून निघणारे रॅडिकल आणि इलेक्ट्रॉन लोहाची अवस्था बदलतात. एकाच जागेवर लागोपाठ तीन स्कॅन घ्या. एज सरकत गेला तर तुम्ही रसायन नव्हे, किरणांचा परिणाम मोजताय. नमुना वाहता ठेवा, नाहीतर जागा बदला. प्रत्येक स्कॅनसोबत लोहाची फॉइल ७११२ वर तपासा.

पीडीएफ: पहिल्या क्षणांसाठी

कण १-२ नॅनोमीटरचे असताना एक्सआरडीला नुसते उंचवटे दिसतात. पीडीएफ त्याच विकिरणातून अंतरं काढतं: लोह-ऑक्सिजन २ अँगस्ट्रॉमजवळ, कडेने जोडलेल्या अष्टफलकांतले दोन लोह २.९७ वर, कोपऱ्याने जोडलेले ३.४८ च्या आसपास. स्पिनेल घडताना हे शेवटचं शिखर कसं वर येतं ते पाहणं, हाच पीडीएफचा खरा उपयोग. लोह ओलिएट ३२० अंशांना विघटित करून केलेल्या कणांत आधी वुस्टाइट (FeO) येतं का, हेही इथे स्वच्छ कळतं.

किंमत जबर आहे. क्यू किमान २० प्रति अँगस्ट्रॉमपर्यंत हवा. मॉलिब्डेनमची नळी १७ च्या आसपास थांबते, चांदीची २२ पर्यंत कशीबशी नेते, पण तासन्‌तास घेऊन. वेळेनुसार मोजायचं तर हॅम्बुर्गच्या पेट्रा-३ सिंक्रोट्रॉनवरील ६० केईव्हीच्या पी०२.१ सारखी बीमलाइन लागते. आणि ०.१ मोलर द्रावणात लोह वजनाने जेमतेम अर्धा टक्का. बाकी पाणी वजा करायचं. तीच केशनलिका, तेच पाणी आणि तेवढंच अमोनियम क्लोराइड घेऊन बॅकग्राउंड मोजलं नाही, तर उरलेल्या लाटांना लोक बंध समजतात.

मग घ्यायचं काय

सहअवक्षेपणासाठी प्रयोगशाळेतलं सॅक्स आणि एक्सएएस ही जोडी. एक्सएएसला इंदूरचा इंडस-२ सिंक्रोट्रॉन पुरतो. तिथल्या एक्झॅफ्स बीमलाइन मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारल्या आहेत. त्यातली डिस्पर्सिव्ह बीमलाइन सगळा वर्णपट एकदम टिपते, म्हणून जलद बदलांना ती. पातळ द्रावणाला फ्लुरोसन्स देणारी स्कॅनिंग बीमलाइन. ओलिएटच्या उष्ण विघटनासाठी सॅक्स आणि मोठ्या कोनाचं विवर्तन एकाच वेळी. पीडीएफ फक्त तेव्हाच, जेव्हा पहिल्या काही क्षणांतली रचना हाच प्रबंधाचा गाभा असेल.

कुठलंही निवडलं तरी मांडणीत अडचणी त्याच येतात. चुंबकीय स्टरर नको, निम्मा माल त्याच्या कांडीलाच चिकटतो. वरून फिरणारा यांत्रिक ढवळणारा लावा. पेरिस्टाल्टिक पंपाने द्रावण फिरवत असाल तर विलंब मोजा: १.६ मिलिमीटर आतल्या व्यासाची ५० सेंटिमीटर नळी म्हणजे १ मिलिलिटर, मिनिटाला १० मिलिलिटर वेगाने ६ सेकंद उशीर. कॅप्टॉन या प्लास्टिकच्या खिडक्या अल्कलीत खराब होतात आणि सॅक्समध्ये स्वतःचं शिखरही घुसवतात, तेव्हा क्वार्ट्झची १.५ मिलिमीटरची केशनलिका घ्या. प्रयोग संपल्यावर तिच्यातून पाणी सोडून पुन्हा मोजा. आधीच्या पाण्याशी आलेख जुळला नाही तर भिंतीवर थर बसलाय आणि शेवटची मोजमापं त्या थराचीही आहेत. केशनलिका हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन, पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत पाणी सोडून, मगच पुढचं द्रावण भरा.